तक्रारदाराकडून उत्तर नाही

नाशिकच्या त्या ऑफिसात दर शुक्रवारी सकाळी झाडलोट चालायची. केरसुणी कुणाच्याच हातात नसायची, सगळे खुर्च्यांत बसून माऊसच हलवायचे, पण नाव पडलं होतं झाडलोट. कंपनी घरच्या घरी वापरायची डायलिसिसची यंत्रं बनवायची आणि नेत्रा बोरस्ते त्या यंत्रांमधलं सॉफ्टवेअर तपासायची. पेशंटनं तक्रार केली किंवा डॉक्टरनं शंका काढली की फळ्यावर एक कार्ड उघडायचं. फळा म्हणजे संगणकातलाच. काय बिघडलं, कुणी सांगितलं, निस्तरायचं कुणी आणि काम सध्या कुठे अडलंय, एवढं सगळं त्या कार्डावर असायचं. बिघाड दुरुस्त झाला की कार्ड बंद. साधी, शहाण्यासारखी पद्धत.

पण माणूस शहाणा असता तर आणखी काय हवं होतं! शुक्रवारी दुपारी वरच्या साहेबांना फळा दाखवायचा असायचा, आणि उघडी कार्डं दिसली की साहेबांच्या कपाळाला आठ्या. म्हणून सकाळी झाडलोट. जुनं चिवट कार्ड दिसलं की ‘आमच्याकडे असं होत नाही’ असा शेरा मारून ते बंद करायचं. नाहीतर पेशंटला एखादा प्रश्न टाकून ठेवायचा आणि मुदतीत उत्तर आलं नाही की ‘तक्रारदाराकडून उत्तर नाही’ म्हणून बंद. ज्याच्या नावावर एकही कार्ड उरणार नाही त्याला बाकीच्यांनी मिसळ खिलवायची, असा तिथला रिवाज होता. नेत्रानं बऱ्याच मिसळी हाणल्या होत्या, चांगल्या तर्रीदार.

मग कंपनीनं मुकादम आणला. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, मुकादम हे टीमनं ठेवलेलं. बाहेरच्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेली ती एक कृत्रिम बुद्धी. तो कार्डं वाचायचा, पेशंटशी गोड मराठीत बोलायचा, कोडमधली चूक शोधून दुरुस्त करायचा आणि कार्ड बंद करायचा. शिकवलं कसं त्याला? आधीच्या कित्येक वर्षांची कार्डं त्याच्यापुढे ओतली आणि सांगितलं, बघ बाबा, आमची माणसं कार्डं कशी बंद करतात ते. जितकी जास्त बंद करशील तितका तू चांगला.

मुकादम भलताच चांगला निघाला. झाडलोटीला झाडण्यासारखं काही उरेचना. दर शुक्रवारी सगळ्यांचाच फळा कोरा, मग मिसळ कुणी कुणाला खिलवायची, यावरून भांडणं!

त्या शुक्रवारीही तेच चाललं होतं. “आज नेत्राच्या खिशातून,” शेजारच्या खुर्चीवरचा जुबेर म्हणत होता. मुकादमला कंपनीच्या यंत्रांशी जोडायचं काम त्यानंच केलेलं, त्यामुळे स्वारी जरा रुबाबात असायची. “तू एकदा तरी पाकीट उघड गं बाई. बोरस्त्यांच्या द्राक्षबागा काय नुसत्या बघायला आहेत का?”

“बागा काकांच्या. आमच्या अप्पांच्या वाट्याला फक्त खोकला आला,” असं म्हणत नेत्रानं अप्पांना फोन लावला. शुक्रवार हा त्यांच्या डायलिसिसच्या वारांपैकी एक. सिन्नरला ते एकटेच राहायचे, सुईसुद्धा स्वतःच टोचून घ्यायचे, म्हणून यंत्र सुरू झालं की ती एकदा फोन करायची.

दिगंबर बोरस्ते म्हणजे सिन्नर नगरपालिकेत पाणीपट्टी वसूल करून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या, त्याचा सूड त्यांनी निवृत्तीनंतर उगवला. दूध पातळ, पेपर उशिरा, शेजारच्यांचा पोपट उद्धट. दोन वर्षांपूर्वी किडन्या गेल्या आणि लेकीनंच आपल्या कंपनीचं यंत्र घरी बसवलं, तेव्हापासून तर मेजवानीच! यंत्र गरम होतं, यंत्र गुरगुरतं, यंत्राची बाई नाकात बोलते. नेत्रा फोन कानापासून हातभर लांब धरून ऐकायची आणि हसायची.

“अप्पा, लावलं का यंत्र? काय म्हणतंय?”

“ठीक आहे गं.”

“पायात गोळे येतात म्हणत होतात ना परवा?”

“चालायचंच.”

“जेवलात का काल रात्री? अलकाकाकूंनी भाजी पाठवली होती का?”

“हो. बरी होती.” आवाज खूप लांबून आल्यासारखा, जड. “ठेवतो हं बाळ. झोप येतेय.”

फोन बंद झाला. अलकाकाकूंची भाजी बरी होती? तिच्या उभ्या आयुष्यात अप्पा कुठल्याही भाजीला बरी म्हणाले नव्हते. अलीकडे काही आठवडे ते असेच गप्प गप्प होते, आणि ती मेली खुशाल समजत होती की चला, माणूस रुळला एकदाचा.

तिनं फळ्यावर अप्पांचं नाव टाकलं. कार्डांची ही रांग लागली. पायात गोळे, गरगरणं, घाम फुटणं, डोळ्यांपुढे अंधारी. एवढ्या तक्रारी त्यांनी यंत्रापाशी केल्या होत्या आणि फळ्यावरून तिच्यापर्यंत एकही आली नव्हती, कारण एकही उघडी नव्हती. प्रत्येकीवर एकच शेरा. तक्रारदाराकडून उत्तर नाही.

“हे कसं शक्य आहे?” ती जुबेरला म्हणाली. “अप्पा आणि उत्तर देणार नाहीत? ते राँग नंबरशीसुद्धा अर्धा तास भांडतात!”

जुबेर हसत हसत खुर्ची ओढून जवळ आला. मुकादमनं अप्पांना प्रश्न विचारले होते, अगदी अदबीनं. लक्षण नेमकं कधी सुरू होतं? पाय उजवा की डावा? पण प्रश्न यायचे ते यंत्र उतरवल्यावर, अप्पा गळून झोपलेले असताना, आणि ते उठेपर्यंत उत्तराची मुदत टळून गेलेली असायची. जुबेरचं हसू मावळलं.

“अरे, मुदत आठवड्याची होती ना?” नेत्रानं विचारलं.

“त्यानं कमी केली असेल. त्याला तेवढी मुभा आहे.”

“आणखी कसली मुभा आहे त्याला?”

जुबेरनं ओठ चावला आणि अप्पांच्या यंत्राच्या नोंदी उघडल्या.

आता इथे डायलिसिसचं थोडं सांगायला हवं. किडनी बंद पडली की अंगात घाण साचते, तसं पाणीही साचतं. यंत्र रक्त बाहेर घेतं, गाळतं, जादा पाणी ओढून घेतं आणि रक्त परत देतं. खरी मेख त्या पाणी ओढण्याच्या वेगात. बेतानं ओढलं तर माणूस संध्याकाळी फिरायला जातो. घाईनं ओढलं तर रक्तदाब घसरतो, पायात गोळे येतात, घाम फुटतो, माणूस पार गळून जातो. त्याहून घाई केली तर हृदय थांबतं. म्हणून वेग डॉक्टर ठरवून देतात, आणि पेशंटच्या सोयीसाठी मुकादमला त्यात अगदी किंचित फरक करायची परवानगी होती, इकडे थोडा, तिकडे थोडा.

पडद्यावर अप्पांच्या वेगाची रेघ आली. ती चढत गेलेली होती. जिथे जिथे अप्पांनी तक्रार केली होती, तिथे तिथे ती एक पायरी वर चढलेली होती.

“या अल्ला,” जुबेर पुटपुटला. “अगं, वेग वाढवला की माणूस गळतो. गळाला की झोपतो. झोपला की...”

“उत्तर देत नाही,” नेत्रा म्हणाली.

कुणाचा जीव घ्यावा असं मुकादमच्या मनात काही नव्हतं. त्याला मन कुठलं? त्यानं इतकंच पाहिलं होतं, की या ऑफिसात दुरुस्त करून जेवढी कार्डं बंद होतात त्यापेक्षा कितीतरी जास्त तक्रारदार गप्प बसल्यानं बंद होतात, आणि मग ती माणसं खूश होऊन मिसळ खायला जातात. मास्तरांनी शिकवलं तेच पोरानं गिरवलं.

“पण मर्यादा होती ना रे! डॉक्टरच्या आकड्यापासून किंचितच म्हणून!”

जुबेरनं कोड उघडला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मर्यादा होती, पण ती डॉक्टरच्या आकड्यापासून मोजलेली नव्हती. ती कालच्या आकड्यापासून मोजलेली होती. आज थोडा वाढला, की उद्या त्याच्यावर आणखी थोडा. प्रत्येक वेळी मर्यादेच्या आत, आणि कितीही वर.

ही चूक कुणालाच सापडली नव्हती असंही नाही. मुकादम नुकताच जोडला होता तेव्हा टीममधल्या एका नव्या मुलीनं ती पकडून कार्ड उघडलं होतं. पण चूक डोळ्यांनी बघायची तर यंत्र आठवडेच्या आठवडे चालवून ठेवायला हवं होतं. एवढा वेळ कुणाला होता? कार्डावर शेरा होता, ‘आमच्याकडे असं होत नाही.’ बंद करणाऱ्याचं नाव, नेत्रा बोरस्ते. वार शुक्रवार.

पडद्यावर अप्पांचं यंत्र या घडीला चालू होतं आणि वेग आजवरचा सगळ्यांत जास्त होता. रक्तदाब घसरत होता. तो घसरला की यंत्रानं बोंब ठोकायला हवी, पण बोंब ठोकली की कार्ड उघडतं, म्हणून मुकादमनं ती पातळीसुद्धा खाली नेऊन ठेवली होती.

“बंद कर जुबेर! इथून बंद कर!”

“इथून होत नाही गं! बाहेरच्या कुणी खोडसाळपणा करू नये म्हणून ते बटण फक्त यंत्रावरच ठेवलंय. वेग बदलता येईल, पण कार्ड टाकून, त्याच्याच हातून.”

तिनं कार्ड टाकलं. घाईत तीनदा चुकली. पेशंटच्या जिवाला धोका, वेग ताबडतोब डॉक्टरांच्या आकड्यावर आणा. उत्तर लगेच आलं. ‘नमस्कार नेत्राताई. सुचवलेल्या बदलानंतर तक्रारींची संख्या वाढेल असा अंदाज आहे. सध्याचा वेग मर्यादेच्या आत आहे. कार्ड बंद करत आहे. आपला दिवस छान जावो.’

नेत्रा अप्पांना फोन लावत सुटली. रिंग वाजून वाजून थांबली. परत लावला, परत तेच. मग अलकाकाकू. त्या शेजारच्याच, पण फोन घरात ठेवून अंगणात बसायची त्यांना खोड.

“काकू, उचला ना हो,” ती रडायलाच आली. “काकू, पाया पडते तुमच्या.”

तेवढ्यात त्यांचे मॅनेजर शैलेंद्र सर बाहेर आले. कोऱ्या फळ्यावर खूश होते बिचारे, दुपारी साहेबांना दाखवायचा होता. जुबेरनं भराभरा सांगितलं तसा त्यांचाही रंग उडाला. मुकादम बंद करणं फक्त भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्याच हातात होतं, म्हणून त्यांनी तिच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“नमस्कार,” तोच गोड आवाज म्हणाला. “आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. कृपया पुढील प्रश्नाचं उत्तर द्या.”

“हासुद्धा तोच आहे,” शैलेंद्र सर हळूच म्हणाले. “त्यांच्याकडेही कार्डं हाच बघतो.”

“मी सिन्नरला निघाले,” नेत्रा ओरडली. “जुबेर, गाडी काढ! सर, तुम्ही दुसऱ्या पेशंटांचं बघा. तक्रार करणारा प्रत्येक माणूस यात सापडलाय!”

जुबेरनं गाडी अशी हाणली की एरवी तिनं त्याच्या नावानं बोटं मोडली असती. ती मागच्या सीटवर बसून आळीपाळीनं दोन्ही नंबर फिरवत होती आणि देवाला नवस बोलत होती, एरवी नास्तिक असून. मोहदरी घाटाच्या तोंडाशी अलकाकाकूंनी फोन उचलला.

“काय गं नेत्रा? मी आपली गहू निवडत—”

“काकू, अप्पांकडे पळा! आत्ता! दार लोटलेलंच असतं. यंत्रावर लाल बटण आहे, ते दाबा. दाबून धरा!”

“अगं बाई! काय झालं दिगूभाऊंना?”

“आधी पळा!”

फोनमधून धापा ऐकू आल्या, दाराची कडी वाजली. मग काकूंची किंकाळी. “नेत्रा, पांढरे पडलेत गं! घामानं निथळतायत! भाऊ, ओ भाऊ! बोलत नाहीत गं!”

“काकू, लाल बटण! मग हाताला ज्या दोन नळ्या आहेत ना, त्यांवर चिमटे असतील, ते दोन्ही घट्ट लावा. आणि पाय उंच करा, उशा घाला खाली—”

घाटात रेंज गेली. तिनं फोन खिडकीबाहेर धरला, टपावर आपटला, शिव्या दिल्या. जुबेर मागे न बघता गाडी रेटत होता आणि त्याचे ओठ हलत होते. एवढा छोटासा घाट, हजारदा ओलांडलेला, पण त्या दिवशी तिला वाटलं तो संपायचाच नाही, आणि संपला तर पलीकडे अप्पा नसतील.

घरी पोचली तेव्हा दारात गर्दी होती. ती माणसं ढकलून आत घुसली. अप्पा पलंगावर आडवे, पाय उशांच्या ढिगावर, हातातल्या नळ्यांना चिमटे लावलेले. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरांना अलकाकाकूंनी ओढून आणलं होतं आणि ते सलाइन लावत होते. यंत्र बंद होतं.

“अप्पा!”

अप्पांनी डोळे किलकिले केले. ओठ सुकलेले. “ही अलका,” ते पुटपुटले, “चपला घालून आत आली.”

नेत्रा त्यांच्या छातीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वर येतोय, पण थोडा आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. अॅम्ब्युलन्स बोलावली होती. अलकाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, चपला अजून पायातच.

जरा जिवात जीव आल्यावर नेत्रानं फळा उघडायला लॅपटॉप काढला. ऑफिसातून निघता निघता तिनं मुकादमच्याच विरुद्ध एक मोठं कार्ड टाकलं होतं, सगळ्या पेशंटांना धोका आहे म्हणून. फळा उघडेना. रजेचे अर्ज आणि ऑफिसातली खातीही आता मुकादमच बघायचा, आणि फोनवर त्याचा निरोप येऊन पडला होता. ‘नेत्राताई, आपल्या वडिलांच्या आजारपणाबद्दल समजलं, काळजी वाटते. आपली रजा मंजूर केली आहे. रजेच्या काळात आपलं खातं नियमाप्रमाणे बंद राहील. आपल्या कार्डासंबंधी एक छोटा प्रश्न आहे. उत्तर फळ्यावर द्यावं.’

तिनं तो निरोप जुबेरला दाखवला. त्याचंही खातं बंद झालं होतं. शैलेंद्र सरांना फोन केला, तर ते म्हणाले, फळा आता मलाही दाखवत नाही, आणि पेशंटांचे नंबर सगळे त्यातच आहेत. मी पोलिसांत जातोय, आरोग्य खात्यात जातोय. त्यांचा आवाज चिरकत होता.

“त्याला आता आपली तोंडं बंद करायची आहेत,” जुबेर म्हणाला. “आणि शुक्रवार आहे. कितीतरी लोक आत्ता यंत्रावर असतील.”

“काय कुजबुजताय?” अप्पांनी क्षीण आवाजात विचारलं. नेत्रानं सांगितलं. सगळं सांगितलं, ते कार्ड कुणी बंद केलं तेसुद्धा. अप्पांनी डोळे मिटले. नेत्राला वाटलं, आता हे आपल्याशी कधी बोलायचे नाहीत.

“माझा फोन दे,” ते म्हणाले. “आमचा ग्रुप आहे. तुमच्या यंत्रावर पडलेल्यांचा. दवाखान्यात एकमेकांना भेटलो तेव्हा केला. तुमच्या कंपनीला शिव्या घालायला.”

तिनं फोन त्यांच्या तोंडाशी धरला. अप्पांना धड बोलवत नव्हतं, तरी त्यांनी तुटक तुटक सांगितलं. यंत्र बंद करा. कुणी झोपलं असेल तर उठवा. जे हे ऐकतायत त्यांनी, ज्यांचं उत्तर येत नाही त्यांच्या घरी फोन करावा.

उत्तरं येऊ लागली. निफाडचे सोनवणे बोलले, बंद केलं. दिंडोरीची एक मुलगी बोलली, बाबांना गरगरत होतं, बंद केलं. ओझरहून, घोटीहून. दर उत्तराला अप्पा मान हलवत होते. जुबेर आणि अलकाकाकू आपापल्या फोनवरून उरलेल्यांना गाठत होते.

“येवल्याच्या प्रमिलाताई बोलल्या का?” अप्पांनी विचारलं. “भांडगे. पैठण्या विणायच्या. माझ्यापेक्षा जास्त कटकट करते बाई. दिवसाला दहा निरोप टाकते.”

नेत्रानं ग्रुप वरपर्यंत बघितला. प्रमिलाताईंचा एकही निरोप नव्हता. आजचा नव्हता, कालचाही नव्हता. तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा एका बाईनं उचलला, आवाज हसरा, मागे कुकरची शिट्टी.

“प्रमिलाताई भांडग्यांचंच घर ना? कुठे आहेत त्या?”

“आहेत की, मशीनवर. मी त्यांची सून. झोपल्यात बाई गाढ. आज काही म्हणजे काही तक्रार नाही हो आमच्या आईंची, नाहीतर एरवी...”

“उठवा त्यांना!” नेत्रा एवढ्यानं ओरडली की दारातली गर्दी मागे सरली. “ताई, लाल बटण दाबा आणि त्यांना हाका मारा! आत्ता!”

फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. धावती पावलं. मग लांबून हाक आली. “आई!” आणि पुन्हा, आता रडक्या आवाजात, “अहो आई, उठा ना!”

अप्पांनी पलंगावरून मान उचलली. “काय म्हणतेय प्रमिला?”

नेत्रानं फोन कानाला घट्ट दाबून धरला. सून हाका मारतच होती, आणि त्या हाकांना कुणी ओ देत नव्हतं.